साउंडबोर्ड काकांच्या हाती सोपवणाऱ्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

नौपाड्यातील आमच्या अभिवाचन गटाच्या वतीने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आमच्या ऑनलाइन वाचनासाठी आपण करून दिलेली ध्वनिव्यवस्था ज्यांच्या उपयोगी पडेल असे आणखी गट ठाणे आणि नवी मुंबईत नक्कीच असतील. आमच्या ऑनलाइन श्रोत्यांत दृष्टिहीन मंडळी बरीच आहेत. त्यामुळे कथेतला पाऊस, देवळातली घंटा किंवा फलाटात शिरणारी लोकल ही आमच्यासाठी सजावट नव्हे. प्रसंग कुठे घडतो आहे, हे त्यांना बऱ्याचदा त्यावरूनच उमगते.

पूर्वी हे आवाज मोबाइलवर लावून लॅपटॉपच्या माइकजवळ धरले जात आणि पलीकडे धड पोहोचत नसत. ऑनलाइन सभेचे सॉफ्टवेअर माणसाचे बोलणे तेवढे ठेवते आणि सलग चालणारा इतर नाद गोंगाट समजून गाळते. पाऊस आणि पंख्याची घरघर त्याच्या लेखी सारखीच, आणि घंटेचा ठोका ऐकू आला तरी तिचा घुमारा मध्येच तुटे. ऐरोलीहून आपण आलात तेव्हा यंत्राला हात लावण्याआधी आमच्या श्रोत्यांना फोन करून त्यांना नेमके काय ऐकू येते हे विचारलेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

आवाज हवेतून माइककडे जायलाच नको, हे आपल्या मांडणीचे सूत्र होते. साउंडबोर्डवरचे, म्हणजे बटण दाबताच साठवलेला आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधले, ध्वनी आता संगणकाच्या आतल्या आतच व्हॉइसमीटर बनाना या आवाज एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे मिक्सरच्या, आभासी इनपुटमध्ये येतात, वाचकाचा माइक त्याच मिक्सरच्या दुसऱ्या पट्टीवर येतो, आणि दोन्ही एकत्र होऊन बी-१ या वाटेने झूमला मिळतात. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर गाळणी थांबली, पण गोखले रोडवरचे हॉर्नही आत येऊ लागले. तेव्हा फक्त माइकच्या पट्टीवर गेट, म्हणजे हळू आवाज अडवणारी सोय, लावून, वाचक थांबला की माइकही मिटेल, असे आपण केलेत. झूमवरून येणारा श्रोत्यांचा आवाज बी-१ कडे मुळीच जाऊ दिला नाहीत, नाहीतर प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःचेच शब्द मागाहून ऐकू आले असते. वाचन, ध्वनी आणि श्रोत्यांचे प्रश्न असे सगळे मिळून बी-२ या दुसऱ्या वाटेने ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरला जाते, म्हणून युट्यूबवर थेट प्रक्षेपण ऐकणाऱ्यांनाही चर्चा पूर्ण मिळते. सगळीकडे ४८,००० हर्ट्झ हा एकच सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ठेवल्यावर अधूनमधून येणारी करकरही गेली.

एवढे एखाद्या जाणकार तंत्रज्ञाने करून दिले असते. आम्ही आपले ऋणी आहोत ते त्यापुढच्या गोष्टीसाठी.

कार्यक्रमात साउंडबोर्ड कोण चालवणार, असा विषय निघाला तेव्हा आपण काकांचे नाव सुचवलेत. काका दृष्टिहीन आहेत, त्यांनी निवृत्तीपर्यंत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, आणि तोवर आमच्या गटात ते केवळ श्रोते होते. आपण यूएसबीवर चालणारा साधा न्यूमेरिक कीपॅड आणलात आणि पाचाच्या बटणावर जो बारीक उंचवटा असतो, त्यालाच सगळ्या मांडणीचा मध्य केलेत: पाच दाबला की सर्व आवाज बंद, आणि भोवतीच्या आठ बटणांवर त्या दिवशीच्या कथेतले ध्वनी. बोट कुठेही गेले तरी त्या उंचवट्याशी परत येता येते. एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या कितीतरी आज्ञा याच बटणांवर असतात, म्हणून ही बटणे आकड्यांचीच राहावीत यासाठी नमलॉक कायम चालू ठेवायचा, हे आपण काकांकडून पक्के करून घेतलेत. शिवाय एनव्हीडीएचे बोलणे मिक्सरला वळसा घालून थेट त्यांच्या हेडफोनमध्ये सोडलेत, त्यामुळे ते श्रोत्यांच्या कानी पडत नाही. वाचक श्वास घेतो त्या फटीत घंटा नेमकी वाजवण्याचे काकांचे कसब पाहिले की हे काम त्यांच्याचकडे असायला हवे होते, असे वाटते.

ध्वनी स्वतःच मुद्रित करण्याचा आपला आग्रहही योग्यच होता. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावर ६० वर्षे हक्क राहतो आणि युट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा चित्रपटसंगीताचा तुकडा सहज ओळखते. आता आमच्याकडे कौपिनेश्वर मंदिरातली घंटा आहे, तलावपाळीवरची संध्याकाळची वर्दळ आहे, ठाणे आणि कळव्याच्या दरम्यान खाडी ओलांडणारी लोकलही आहे. पावसाच्या तुकड्याची दोन्ही टोके एकमेकांत विरघळवून तो कितीही वेळ चालला तरी सांधा कळणार नाही असा आपण केलात, आणि ओबीएसच्या मीटरवर वाचकाचा आवाज उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या पिवळ्या पट्ट्यात व ध्वनी त्याच्या खाली, ही मर्यादा आम्हाला घालून दिलीत.

मानधन आपण घेतले नाही. पुढील अभिवाचनाच्या श्रेयनामावलीत ‘ध्वनिव्यवस्था’ या शब्दापुढे आपले आणि ‘ध्वनिसंयोजन’ या शब्दापुढे काकांचे नाव वाचून दाखवण्याची गटाची इच्छा आहे. त्यास आपली संमती कळवावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
संयोजिका, अभिवाचन गट
नौपाडा, ठाणे