याब्लोनेत्सहून, मणी आणि बटणांबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मी सुखरूप आहे. थंडी आहे, पण सोसवेल इतपत. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला इथे तळलेलं चीज आणि बटाटे, बटाटे आणि तळलेलं चीज.

बाबा, मी निघताना तुम्ही विचारलंत, "काचेचे मणीच घ्यायचे तर फिरोजाबादला काय धाड भरली होती?" टॅक्सी दारात उभी होती म्हणून उत्तर राहिलं. फिरोजाबादचा माल मी घेतेच, पुढेही घेणार. पण गिऱ्हाईक जेव्हा पाचशेच्या जागी दोन हजार मोजायला तयार असतं, तेव्हा ते मण्याला बोट लावून बघतं. भोकाची कड धारदार असेल तर दोरा महिन्याभरात तुटतो आणि माळ माझ्या दारात परत येते. इथला मणी हातात घेतला की पैसे कशाचे ते कळतं.

याब्लोनेत्स हे चेक देशाच्या उत्तरेला, डोंगरात वसलेलं गाव. प्रागहून बसने दीड-दोन तास. भोवती जंगल आणि ओढे, म्हणजे भट्टीला लाकूड आणि घासकामाच्या चाकांना पाणी. काचकाम इथे रुजलं ते त्यामुळे. स्वारोव्स्कीचे खडे ऐकून माहीत असतील. तो डॅनिएल स्वारोव्स्की 1862 साली इथल्याच शेजारच्या गावात जन्मला. खडे घासायचं यंत्र काढलं आणि 1895 मध्ये ते घेऊन ऑस्ट्रियात वाटेन्सला निघून गेला, इथल्यांनी त्याची नक्कल करू नये म्हणून.

काल एका कारखान्यात गेले होते. कारखाना कसला, घराच्या मागची खोली. कारागीर बाबांच्याच वयाचे असतील. भट्टीत काचेच्या चार-पाच लांब कांड्या टोकाकडून तापत ठेवलेल्या. एक उचलायची, लालबुंद मऊ टोक साच्यात धरायचं, दाबायचं. साच्यातली सुई त्याच वेळी भोक पाडते. बाहेर येते ती काचेच्या पातळ पापुद्र्याला चिकटलेली मण्यांची रांग. ती कांडी परत भट्टीत आणि दुसरी हातात. आई, तू एका तव्यावरची पोळी काढताना पुढची लाटून तयार ठेवतेस ना, तसा हात चालतो, मध्ये एक क्षण रिकामा नाही. मग ते मणी पिंपात घालून फिरवतात, पापुद्रा झडून जातो. पैलू पाडायचे असतील तर चाकावर घासतात आणि पुन्हा भट्टीतून काढतात. वरचा थर जरासा वितळतो, घासल्याचे ओरखडे बुजतात आणि कडा मऊ होतात. आपल्या दोऱ्याला जीवदान मिळतं ते या शेवटच्या आचेमुळे.

भिंतीभर फळ्यांवर साचे होते. पानं, फुलं, माशाचे खवले, काय वाटेल ते. काही तर त्यांच्याही आधीच्या पिढीचे. मी एक पान निवडलं तर त्यांनी मान हलवली. साचा झिजलाय आणि नवा कोरून देणारा माणूस जवळपास उरला नाही. भट्टीवर बसायला तरुण मुलं येत नाहीत, हेही त्याच ओघात निघालं. मी घासाघीस करणार होते, केली नाही. (बाबा, हसू नका. दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे भरपूर केली.)

बटणं बघायला आई हवी होती. जुनी नमुन्याची कार्डं असतात, पुठ्ठ्यावर तारेने ओवलेली बटणं. मागे धातूची कडी, ती काच गरम असतानाच साच्यात बसवतात. वर सोनेरी रेघ हाताने, कुंचल्याने. काळ्या चकचकीत बटणांचा खण वेगळा. 1861 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा गेला, ती जन्मभर काळे कपडे घालत राहिली आणि तिच्या मागे अख्ख्या युरोपात काळ्या दागिन्यांची, बटणांची लाट आली. खरा काळा दगड महाग, म्हणून इथल्या काळ्या काचेची चलती झाली.

आता खास बाबांसाठी. इथे काच आणि दागिन्यांचं मोठं संग्रहालय आहे. तिथे कळलं की इथून हिंदुस्थानात काचेच्या बांगड्या जायच्या, तिकडची आवड ओळखून बनवलेल्या. म्हणजे आजोबा ज्या विलायती बांगड्यांच्या बहिष्काराच्या गोष्टी सांगायचे, त्यातल्या कितीतरी याच डोंगरातल्या! तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला तो घरटी एकेक पैसा गोळा करून, अंताजी दामोदर काळ्यांच्या खटपटीने. त्यांची टक्कर कुणाशी होती ते मला इथे येऊन दिसलं. इथले बांगड्या करणारे तरी कुठे सुखात राहिले? बहुतेक जर्मन बोलणारे होते. 1945 नंतर त्यांना देशाबाहेर घालवलं. त्यातल्या अनेकांनी बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ नवीन वस्ती करून तोच धंदा पुन्हा मांडला. वस्तीचं नाव नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवं याब्लोनेत्स.

माल जपून बांधलाय. मोजणी अजून ग्रोसची, 144 चा एक. मणी आणि बटणं यांची बिलं मात्र वेगळी करून घेतली, कारण कस्टमच्या मालाच्या यादीत मणी 7018 या क्रमांकाखाली येतात आणि बटणं 9606 खाली. बाबा, तुमची स्टोअरमधली शिस्त अशी उपयोगी पडते.

गोळ्या दोघंही वेळेवर घ्या. बाबांनी बीपी मोजलं का ते आईने कळवावं, बाबांनी नव्हे. काकूला सांग, काळे मणी बारीक मिळालेत, मंगळसूत्र माझ्यासमोरच पटवेकऱ्याकडून गाठवून घेऊ.

आणि आई, निळ्या ब्लाउजची काजं आत्ताच करून ठेवू नकोस. तुझ्यासाठी घेतलेली बटणं 28 लाईनची आहेत, म्हणजे पावणेदोन सेंटीमीटरच्या वर, आणि कडीवर उभी राहतात. काज नेहमीपेक्षा सैल लागेल.

तुमची,
मीनल