रद्दी दिली, पण त्या रद्दीचा कागद घेणार कोण?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रद्दी वेगळी काढून देण्याची शिस्त अनेक कार्यालयांनी आणि शाळांनी लावून घेतली आहे, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्याच संस्थांच्या खरेदीच्या याद्या पाहिल्या, तर कागद, वह्या, फाइली आणि पाकिटे थेट लाकडाच्या लगद्यापासून केलेलीच मागवलेली दिसतात. दिलेल्या रद्दीपासून तयार झालेला माल कोणी घेणारच नसेल, तर कारखान्यांनी तो करायचा तरी कोणासाठी? कार्यालयीन साहित्याच्या खरेदीचे काम अनेक वर्षे पाहत असल्याने या राहून गेलेल्या बाजूकडे मुख्याध्यापकांचे आणि कार्यालयप्रमुखांचे लक्ष वेधावेसे वाटते.

लाकूड रसायनांत शिजवून लगदा करताना त्याच्या कोरड्या वजनापैकी साधारण निम्माच भाग तंतूंच्या रूपाने हाती लागतो. लिग्निन, म्हणजे लाकडातील तंतूंना जखडून ठेवणारे द्रव्य, आणि इतर द्रव्ये विरघळून बाजूला होतात. रद्दीतील कार्यालयीन कागदाच्या बाबतीत हा सारा खटाटोप आधीच होऊन गेलेला असतो. ती पाण्यात घुसळली की तंतू सुटे होतात, चाळण्यांमधून पिना आणि प्लॅस्टिकचे तुकडे वेगळे निघतात आणि लगद्यात हवा सोडली की शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. जर्मनीतील ग्योटिंगेनचे कायदेपंडित युस्टुस क्लाप्रोट यांनी छापील कागदाची शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याची रीत 1774 मध्येच मांडली होती, त्यामुळे ही कल्पना नवी किंवा अपरीक्षित आहे असे कोणी म्हणू नये. वाचतात ती केवळ झाडे नव्हेत. लगदा शिजवण्याची रसायने आणि बरेचसे पाणीही वाचते. शिवाय कचराभूमीत गाडला गेलेला कागद हवेविना कुजून मिथेन सोडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ घडवतो.

या लाभांना मर्यादा आहेत, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातात, त्यामुळे साधारणपणे पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागदाच्या उपयोगाचे राहत नाहीत आणि काही नवा तंतू मिसळावाच लागतो. लाकडापासून लगदा करणारे अनेक कारखाने उरलेले लिग्निन जाळून स्वतःची ऊर्जा मिळवतात. त्यामुळे रद्दीवर चालणारा कारखाना कोळशावर चालत असेल, तर कार्बनच्या हिशेबात त्याचा लाभ कमी होतो. म्हणूनच पाठकोरे कागद वापरणे आणि दोन्ही बाजूंनी छापणे हे पुनर्प्रक्रियेच्याही आधी येते.

खरी अडचण आहे ती शुभ्रतेच्या हट्टाची. निविदेत ‘अतिशुभ्र’ हा शब्द आला की पुनर्प्रक्रिया केलेला कागद पहिल्याच चाळणीत बाद होतो, मग तो टिपणे, कच्चे मसुदे आणि सराव-प्रश्नपत्रिका यांसाठी कितीही योग्य असो. किंचित करडी छटा वाचनाच्या आड येत नाही. उलट झगझगीत पांढरेपणासाठी विरंजन आणि चकाकीची रसायने वाढवावी लागतात. पुनर्प्रक्रिया केलेला कागद छपाईयंत्रात अडकतो, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. माझा अनुभव असा की दोष बहुधा फोडून उघड्या ठेवलेल्या रीमचा असतो. ओल धरलेला कोणताही कागद अडकतोच. पिढ्यान्‌पिढ्या जपायच्या दस्तऐवजांसाठी आयएसओ 9706 या टिकाऊ कागदाच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारा कागद अवश्य घ्यावा, पण रोजच्या कामाला ती अट कशाला?

वेष्टनावर नुसते ‘रिसायकल्ड’ छापलेले पुरेसे मानू नये. पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या आयएसओ 14021 या मानकात ग्राहकाने वापरून टाकलेला माल आणि ग्राहकापर्यंत न पोहोचलेला कारखान्यांतील टाकाऊ माल असे दोन वेगळे प्रकार मानले आहेत, आणि त्याच प्रक्रियेत परत घातलेली कातरण तर मोजायचीच नाही असे स्पष्ट केले आहे. आपण दिलेल्या रद्दीला मागणी हवी असेल, तर पहिल्या प्रकाराची टक्केवारी विचारायला हवी. जर्मनीचे ‘ब्लू एंजल’ हे 1978 पासूनचे पर्यावरणचिन्ह या दृष्टीने भरवशाचे आहे. छपाई-लेखनाच्या कागदाला ते मिळण्यासाठी तंतू पूर्णपणे रद्दीतूनच आलेले असावे लागतात.

कागदाखेरीज, पुन्हा भरून वापरता येणारी टोनर कार्ट्रिज, रिफिल बदलता येणारी पेने आणि पुनर्प्रक्रिया केलेल्या पुठ्ठ्याच्या फाइली यांनाही खरेदीत प्राधान्य मिळावे. प्लॅस्टिकचा थर दिलेली चकचकीत वेष्टने असलेल्या वह्या मात्र शाळांनी यादीतून वगळाव्यात, कारण तो थर लगद्यात विरघळत नाही आणि रद्दीचा दर्जा घसरवतो.

कार्यालयांनी आपल्या पुढच्या दरपत्रकाच्या मागणीतून शुभ्रतेची अट काढून तिच्या जागी वापरलेल्या रद्दीच्या किमान टक्केवारीची अट घालावी आणि शाळांनी नव्या वर्षाच्या साहित्ययादीत तशा वह्यांचा स्पष्ट उल्लेख करावा, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक