बांधावरच्या शेपूसाठी, काका, तुमचे आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

कोबीची शेवटची गाडी काल भरली. समोर बसून बोलायला गेलो असतो तर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

गेल्या साली कोबीवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला तेव्हा दुकानदारानं चिठ्ठीवर तीन-तीन औषधं लिहून दिली, वर टॉनिक. सहा फवारण्या झाल्या. मावा आठ दिवसांत परत हजर, उधारी मात्र हलली नाही. फोनवरच्या साहेबांना फोटो पाठवले, तर त्यांनी चौथं औषध सांगितलं. रानात पाय कुणी ठेवला नाही.

यंदा तुम्ही ठेवलात. गुडघे दुखत असताना सरीत उकिडवे बसलात, कोबीचं पान उलटं केलंत आणि भिंग माझ्याऐवजी आईच्या हातात दिलंत. तिला लवकर दिसेना. तुम्ही पान उन्हाकडं वळवलंत आणि नुसते थांबलात. राखाडी माव्याच्या गर्दीत काही मावे टम्म फुगून खसखशीसारखे तपकिरी पडलेले, एकाच्या पाठीला सुईनं पाडावं तसं गोल भोक. "अगं बाई, हा तर आतून रिकामा!" आई म्हणाली.

मग तुम्ही बांधाकडं बघून विचारलंत, "हा शेपू कुणी राखला?"

आई दचकली. त्या शेपूवरून मी तिला महिनाभर बोलत होतो. बियासाठी तिनं शेपू आणि धने उभे ठेवले होते, पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या कमरेला लागत होत्या. मी म्हणायचो, हा कचरा काढ, कीड इथनंच येते. ती खाली मान घालून म्हणाली, "मीच." आणि तुम्ही उठून तिला हात जोडलेत. "वहिनी, तुमचे राखणदार यावरच जगलेत."

काका, बावीस वर्षं ती या रानात राबते. शेतीतलं काही तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

पुढचं तुम्ही समजावलंत ते आता मी गावाला सांगत फिरतो. ते राखणदार म्हणजे एक गांधीलमाशी, जेमतेम दोन मिलिमीटरची, माणसाला चावत नाही. माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि पंख फुटले की भोक पाडून बाहेर. पण पंख फुटल्यावर तिला फुलातला मध लागतो आणि तोंड असतं आखूड. शेपू, धने, बडीशेप यांचा मध उघड्यावर, म्हणून तिला तो पोचतो. नुसत्या कोबीत ती फार दिवस टिकत नाही, आणि त्यातून जगलीच तर आमचा फवारणीचा पंप आहेच. पिवळ्या चिकट सापळ्यावर तीही चिकटते, हे सापळे विकताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही ते पान लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातलंत, वर फडकं बांधलंत आणि म्हणालात, "हे उघडेपर्यंत पंपाला हात लावू नकोस." पाचव्या दिवशी सकाळी फडक्याला आतून बारीक काळे ठिपके चालत होते. आईनं बरणी शेपूत नेऊन उघडली.

सगळं आबादीआबाद झालं असं नाही. विहिरीकडच्या दोन सऱ्या गेल्याच, आणि कोबी खाणाऱ्या अळीसाठी एकदा निंबोळी अर्क मारावा लागला. पण दुकानाची पायरी चढलो नाही. त्या दिवशी तुम्ही मला चार शब्द सुनावले असतेत तरी मी ऐकून घेतले असते. हुशार माणसं मला पुष्कळ भेटली, पण समोरच्याला खाली न दाखवता शिकवणारं त्यांत कुणी नव्हतं.

शेपूचं बी आईनं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलंय, अर्धं तुमचं. न्यायला या. तुमचं भिंग मात्र अजून इथंच आहे. आई रोज ते घेऊन बांधावर जाते आणि मी मागितलं की म्हणते, थांब, माझं बघून होऊ दे.

तुमचा,
बांधापलीकडचा