ब्लँकेट राहू दे, पत्ता मिळवून दे

विक्रोळी, मुंबई

चि. मेघा,
अनेक आशीर्वाद.

७ डिसेंबरला, ध्वजदिनी, कॉलेजात बेघर माजी सैनिकांसाठी ब्लँकेटं गोळा करणार म्हणतेस. करा बापडे, मुंबईत थंडी पडलीच तर उपयोगी येतील! पण त्यांचं घोडं अडतं ते कागदांपाशी.

पेन्शन असताना फौजी रस्त्यावर येतोच कसा, असं तू विचारलंस. अगं, जवानाला पेन्शन बसायला १५ वर्षं नोकरी लागते. घरच्या अडचणीपायी त्याआधी नाव कापून घेतलं की पेन्शन नाही. मग मुंबईत वॉचमनकी. बिल्डिंगच्या केबिनमध्येच पथारी, त्यामुळे स्वतःची खोली कधी होतच नाही. वय झालं की एजन्सी दुसरा माणूस आणते आणि नोकरीबरोबर छप्परही त्याच दिवशी जातं.

सायनच्या पुलाखाली आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे एक नायक राहतात. सत्तरीचे असतील. कपडे मळके, पण दाढी रोज घोटलेली. घरचं विचारलं की गप्प. सर्व्हिस नंबर विचारला, तर पाठ ताठ करून एका दमात सांगतात. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीचा पुरावा, पावसात गेलं, तरी नंबर आहे म्हणजे बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येईल.

पेन्शन नसलेल्या, हवालदारापर्यंतच्या गरजू माजी सैनिकाला पासष्टीनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान मिळतं. दरमहा ४,००० होतं, २०२५ मध्ये ८,००० झालं. पण अर्ज ऑनलाइन! त्याला ओळखपत्र हवं, बँक खातं हवं. पुलाखालच्या माणसाचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार?

तिथे तुझं शिक्षण कामाला लाव. बेघरांच्या मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला आधारला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. आधी निवाऱ्यात जागा, मग दाखला, मग पुढचं सगळं. जागा नाही म्हणाले तर शहरात लाखामागे एक निवारा हवा, हा सुप्रीम कोर्टाचा दंडक काढ. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख होती. किती निवारे हवेत ते तूच मोज.

आणि भाषणात नुसतं ‘देशासाठी लढले’ म्हणून थांबू नकोस. टाळ्या पडतात, अर्ज टेबलावरच राहतो.

शनिवारी आलीस की दोघं निवाऱ्यावर जाऊ. मी एकटा गेलो तर ‘या सुभेदारसाहेब’ म्हणून चहा पाजतात आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगतात. कोर्टाच्या आदेशाची प्रत घेऊन ये.

तुझे,
बाबा