स्टोकची थंडी हवी म्हणणारी माणसं

लीड्स,
५ मे २०२१

ती. मामांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं त्या बारा क्लबांचं काय भांडण लागलंय गं? दादा नुसता चिडून बोलतोय, मला काय उमगंना." तेव्हा मी ड्युटीला निघाले होते, नीट सांगणं झालं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दादाला म्हणावं प्रिंट काढून दे. मोबाइलवर वाचत बसू नका, डोळ्यांना ताण होतो.

झालं असं, १८ एप्रिलच्या रविवारी रात्री युरोपातल्या बारा श्रीमंत फुटबॉल क्लबांनी एकाएकी जाहीर केलं की आम्ही आमची वेगळी लीग काढतोय. नाव युरोपियन सुपर लीग. इंग्लंडचे सहा होते: मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, चेल्सी, आर्सेनल आणि टॉटनहॅम. स्पेनचे रेआल माद्रिद, बार्सिलोना, अॅटलेटिको. इटलीचे युव्हेंटस आणि मिलान शहरातले दोन्ही, एसी मिलान आणि इंटर. अध्यक्ष रेआल माद्रिदचे फ्लोरेंतिनो पेरेझ. पैसा जे. पी. मॉर्गन या अमेरिकन बँकेचा. संस्थापक क्लबांना सुरुवातीलाच मिळून ३.५ अब्ज युरो मिळायचे होते, म्हणजे आपले तीस हजार कोटींच्या वर. लीग वीस संघांची, पण त्यातले पंधरा कायमचे, हे बारा धरून. मेख इथंच आहे, मामा. ते पंधरा कितीही रद्दड खेळले तरी त्यांना कुणी बाहेर काढणार नाही. उरलेल्या पाच जागांसाठी बाकीच्या सगळ्या युरोपनं दरवर्षी झगडायचं.

उद्या आपल्या कोल्हापुरातल्या चार बड्या तालमींच्या फुटबॉल संघांनी ठरवलं की शाहू स्टेडियमवर इथून पुढं आम्हीच आपापसांत खेळणार, बाकीच्या मंडळांच्या पोरांनी गांधी मैदानावर कितीही घाम गाळला तरी त्यांना दार बंद, तर पेठेत काय होईल ते तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. आणि त्या चार तालमींची माणसंसुद्धा अशा खेळाला आपलं म्हणतील का, हेही सांगा. इथं नेमकं तेच झालं, आणि त्यासाठीच हे पत्र.

सोमवारी, १९ तारखेला, माझी ड्युटी लसीकरण केंद्रावर होती. ते केंद्र एलंड रोडला आहे, लीड्स युनायटेडच्या मैदानाला लागून असलेल्या मोठ्या हॉलमध्ये. त्या दिवशी खुर्चीत येऊन बसणारा प्रत्येक जण हेच बोलत होता. एरवी लोक विचारतात, सुई दुखेल का, ताप येईल का. त्या दिवशी बाही वर सरकवता सरकवता एक सत्तरीच्या बाई मला म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी मला इथं हाताला धरून आणलं होतं. हे लोक कोण लागून गेले, खेळ स्वतःच्या नावावर करून घेणारे?" इंजेक्शन टोचलं तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही. बाहेर पंधरा मिनिटं थांबायच्या खुर्च्यांवरही तीच चर्चा. एकमेकांना न ओळखणारी माणसं, अंतर ठेवून बसलेली, पण सगळ्यांचा राग एकच.

योगायोग असा की त्याच संध्याकाळी एलंड रोडवर लीड्स विरुद्ध लिव्हरपूल सामना होता. कोरोनामुळं प्रेक्षकांना आत प्रवेश नाही. तरी ड्युटी संपवून बाहेर आले तर शेकडो माणसं फाटकाबाहेर उभी. लीड्सचा जुना कर्णधार बिली ब्रेम्नर याच्या पुतळ्यापाशी धूर सोडलेला, घोषणा चाललेल्या, डोक्यावरून निषेधाचा फलक ओढत एक विमान घिरट्या घालतंय. लिव्हरपूलची बस आली तेव्हा जो ओरडा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. कुणीतरी लिव्हरपूलची जर्सी पेटवली. ते मला पटलं नाही, कारण त्या जर्सीवर जीव टाकणारी माणसंही त्याच दिवशी तितकीच दुखावलेली होती. पण राग खरा होता. लीड्सचे खेळाडू सरावाला उतरले ते पांढरे टी-शर्ट घालून. छातीवर चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेचं, चिन्ह आणि शब्द 'कमवा', पाठीवर 'फुटबॉल प्रेक्षकांसाठी आहे'. सामना १–१ सुटला. लिव्हरपूलच्या सादियो मानेनं गोल केला होता, शेवटी शेवटी लीड्सच्या यॉरेंतेनं बरोबरी साधली. नंतर लिव्हरपूलचाच जेम्स मिल्नर कॅमेऱ्यासमोर सरळ म्हणाला की मला ही कल्पना आवडलेली नाही, हे होऊ नये. ज्या क्लबाचा पगार खातो त्याच्या मालकांविरुद्ध असं बोलायला छाती लागते.

लीड्सची माणसं एवढी का पेटली, ते मला आमच्या शेजारच्या आजोबांमुळं कळतं. ते पोरवयापासून या मैदानावर जातात. १९९२ ला लीड्सनं लीग जिंकली, २००१ ला चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. पण पुढच्या वर्षीही तिथं पोचूच, या भरवशावर क्लबानं अफाट कर्ज काढलं होतं. पोचले नाहीत. एकेक खेळाडू विकावा लागला, २००४ ला खालच्या श्रेणीत गेले, २००७ ला दिवाळं निघून त्याच्याही खालच्या. आजोबा तेव्हाही जायचे, तिसऱ्या श्रेणीतले सामने बघायला, पावसात. वर यायला सोळा वर्षं लागली. मागच्या वर्षी बिएल्सा या अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकानं संघ परत वर आणला तेव्हा मैदानं बंद. म्हणजे ज्यांनी सोळा वर्षं वाट पाहिली त्यांना हा हंगाम घरच्या टीव्हीवर बघावा लागतोय. असल्या माणसाला कुणी सांगावं की आता वर-खाली जाणंच बंद, जे वर आहेत ते कायमचे वर?

आणि वर कोण, ते तरी बघा. त्या रविवारी आर्सेनल तक्त्यात नवव्या नंबरवर होता. टॉटनहॅमनं लीग शेवटची जिंकली १९६१ ला. २०१६ ला लीग जिंकून साऱ्या जगाला थक्क करणारा लेस्टर या बारांत नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोनदा युरोपची स्पर्धा जिंकली होती, तो आज दुसऱ्या श्रेणीत खेळतो, त्याला तर कुणी विचारतही नाही. म्हणजे निकष खेळाचा नाहीच, तिजोरीचा आहे. सिटीचा प्रशिक्षक ग्वार्दिओला, ज्याचा स्वतःचा क्लब यात होता, तोच म्हणाला की मेहनतीचा आणि यशाचा संबंध तुटला की तो खेळ राहत नाही.

आता मला सगळ्यांत जास्त भिडलं ते सांगते.

लीड्स, एव्हर्टन, वेस्ट हॅमवाले चिडले, ते साहजिक होतं. त्यांच्या ताटातलंच जाणार होतं. पण ज्या सहा क्लबांच्या ताटात पडणार होतं, त्यांचेच लोक रस्त्यावर उतरले. लिव्हरपूलच्या अॅनफील्ड मैदानाच्या कुंपणावर त्यांच्याच माणसांनी फलक बांधला: 'लाज वाटू द्या', आणि खाली क्लबाला श्रद्धांजली, १८९२ ते २०२१. मैदानातल्या कॉप स्टँडमध्ये वर्षानुवर्षं झेंडे लावणाऱ्या गटानं आपले झेंडे उतरवून घेतले. मंगळवारी लंडनला चेल्सीच्या मैदानाबाहेर हजारभर लोकांनी स्वतःच्याच संघाची बस अडवली. पीटर चेक, त्यांचा एके काळचा गोलकीपर, आता क्लबाचा अधिकारी, रस्त्यावर येऊन हात जोडल्यासारखा सांगत होता, आम्हाला वेळ द्या. सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला. त्या गर्दीत एकाच्या हातात पुठ्ठ्याचा फलक होता, टीव्हीवर अगदी जवळून दाखवला: 'आम्हाला आमच्या स्टोकमधल्या थंड रात्री हव्यात.'

स्टोक म्हणजे कुंभारकामाचं गाव, इथून फार लांब नाही. मैदान उघड्यावर, वारा असा की कानाच्या पाळ्या बधिर होतात. २०१८ पासून तो संघ दुसऱ्या श्रेणीत आहे. चेल्सीच्या माणसाला माद्रिद, मिलान, बार्सिलोना दर आठवड्याला घरपोच मिळत होतं, आणि तो म्हणत होता मला स्टोक हवं. तिथं हरायची भीती हवी, परतीच्या गाडीतलं ओलंचिंब गप्प बसणं हवं. फायदा नाकारायला रस्त्यावर आलेली माणसं मी पहिल्यांदाच बघितली, मामा.

त्याच रात्री कोसळलं सगळं. बस अडलेली असतानाच बातमी आली की चेल्सी माघार घ्यायच्या तयारीत आहे, आणि गर्दीतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागली. आधी सिटी बाहेर पडला, मध्यरात्रीच्या आसपास सहाच्या सहा. बुधवारी अॅटलेटिको, इंटर आणि मिलान. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी व्हिडिओ काढून माफी मागितली. युनायटेडचे एड वुडवर्ड पद सोडणार असल्याचं जाहीर झालं. रविवारी रात्री घोषणा, मंगळवारी रात्री इंग्लंडपुरता खेळ खलास. रेआल, बार्सिलोना आणि युव्हेंटस अजून हटून बसलेत.

दादाला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. मालकांकडच्या बोलण्यात म्हणे प्रेक्षकांचे दोन प्रकार होते: जुने पिढीजात, म्हणजे मैदानात येणारे, आणि भविष्यातले, म्हणजे जगभर टीव्हीवर बघणारे. त्या दुसऱ्या प्रकाराला फक्त मोठी नावं हवीत, अशी यांची समजूत. म्हणजे रात्री साडेबाराला उठून कोल्हापुरात युनायटेडचा सामना बघणाऱ्या आपल्या दादाच्या नावावर हे सगळं चाललं होतं! आणि त्याला विचारलं कुणी? तो तर सोमवारी सकाळीच मला मेसेज करून शिव्या घालत होता. वर्ल्डकपला चौकाचौकांत झेंडे आणि कटआउट लावणारी आपली पोरं स्वतः तालमीच्या सामन्यांवर वाढलेली. दुबळा संघ बलाढ्याला टायब्रेकरवर नेतो तेव्हा स्टेडियममध्ये काय होतं, ते त्यांना लंडनच्या माणसाइतकंच कळतं. लांब राहणाऱ्याला खेळातलं कमी कळतं, हे गृहीत धरणं मला फार लागलं. मी स्वतः आता तुमच्यापासून लांब राहणारीच आहे.

युएफा, म्हणजे युरोपच्या फुटबॉलची संघटना, या भांडणात एकदम देवमाणूस ठरली, तेही मला खटकतं. त्याच सोमवारी त्यांनी चॅम्पियन्स लीगचा नवा आराखडा मंजूर केला. सामने वाढवले, आणि दोन जागा जुन्या कामगिरीच्या गुणांवर ठेवल्या, म्हणजे त्याही बड्यांनाच सोयीच्या. आणि २०१९ ला मँचेस्टरजवळचा बरी नावाचा जुना क्लब पैशापायी लीगबाहेर काढला गेला, तेव्हा बड्यांच्या तिजोऱ्या उघडल्या नव्हत्या. आजोबा म्हणतात, जर्मनीसारखा नियम इथं पाहिजे. तिकडं क्लबाच्या निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती राहतात. बायर्न आणि डॉर्टमुंड या लीगपासून लांब राहिले, त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे असं ते मानतात, आणि मलाही तसंच वाटतं. सरकारनं ट्रेसी क्राउच या खासदारबाईंकडं फुटबॉलच्या कारभाराचा आढावा सोपवलाय, प्रेक्षकांना सोबत घेऊन. बघू काय होतं.

परवाच्या रविवारी मँचेस्टरला जे झालं ते दादानं सांगितलंच असेल. ग्लेझर कुटुंबानं २००५ साली युनायटेड विकत घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबाच्याच बोकांडी बसवलं. त्यातलेच जोएल ग्लेझर सुपर लीगचे उपाध्यक्ष होणार होते. सोळा वर्षांचा साठलेला राग बाहेर पडला. हिरवे-पिवळे मफलर घातलेली माणसं, तो क्लबाचा मूळ न्यूटन हीथच्या वेळचा रंग, थेट मैदानात घुसली आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढं ढकलावा लागला. त्यात बाटलीनं एका पोलिसाच्या तोंडाला जबर जखम झाली. तिथं माझं मत साफ आहे: मालकांवरचा राग पोलिसावर काढणं चूक. जखमेला टाके कुणीतरी घालतं, आणि ते कोण घालतं हे मी रोज बघते. पण बाकीच्या हजारो माणसांचं म्हणणं त्या एका बाटलीमुळं खोटं ठरत नाही.

आता घरचं. १९ एप्रिललाच इकडच्या सरकारनं भारताला लाल यादीत टाकलं. २३ पासून तिकडून येणाऱ्यांना दहा दिवस सक्तीनं हॉटेलात राहावं लागतं, तोही खर्च आपला. त्यामुळं मे महिन्यात यायचं ठरवलं होतं ते आता होत नाही. रोज कोल्हापूरच्या बातम्या बघते आणि पोटात गोळा येतो. तुमचा दुसरा डोस कधी आहे ते कळवा, तारीख चुकवू नका. मामींचं ऑक्सिजन दिवसातून दोनदा मोजा आणि चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर कुणाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. चौकात गप्पा मारायला बसू नका, मंडळाची माणसं बोलवायला आली तरी. मास्क नाकावर.

येत्या शनिवारी, ८ तारखेला, लीड्सचा सामना आहे टॉटनहॅमशी, म्हणजे त्या बारांतल्या एकाशी, आणि तो इथंच एलंड रोडवर आहे. दादाला सांगा टीव्ही लावून द्यायला. आमच्या संघात फिलिप्स नावाचा पोरगा आहे, याच शहरात जन्मलेला, मधल्या फळीत खेळतो. तो चेंडू कसा काढून घेतो ते नीट बघा आणि फोनवर मला सांगा, तुमच्या वेळच्या कुणासारखा वाटतो.

मामींना नमस्कार, दादाला आणि वहिनींना सप्रेम, पोरांना गोड पापा.

तुमची भाची