फाडफाड इंग्लिश राहू दे, आधी पाच ओळी लिहायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या मुलांना परदेशात करिअर करायचं तर शाळा-कॉलेजात काय शिकवावं, हा विषय निघाला की सगळ्यांचा सूर एकच, स्पोकन इंग्लिश वाढवा, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे क्लास घ्या, कॉम्प्युटर द्या. मी क्रूझ शिपवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये काम करतो. मूळचा डिचोली तालुक्यातला, प्रायमरी मराठीतून आणि पाचवीपासून इंग्लिश, आपल्याकडे बऱ्याच जणांचं होतं तसंच. तर तिथून जे दिसतं ते लिहितोय.

बोलण्यात आपली पोरं अडत नाहीत हो. थोड्याच दिवसांत फिलिपिनो, इंडोनेशियन सगळ्यांशी जमवून घेतात, त्यांच्या शिव्यासुद्धा पाठ होतात. अडतं ते कागदावर.

अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या क्रूझ जहाजांवर तिकडच्या सरकारचं आरोग्य इन्स्पेक्शन होतं, गॅलीत सगळे त्याला यूएसपीएच म्हणतात. ते लोक न सांगता येतात, १०० पैकी मार्क देतात, ८५ किंवा त्याच्या खाली गेलं की जहाज नापास आणि तो स्कोअर इंटरनेटवर कुणालाही दिसतो. थंड पदार्थ ४१ फॅरेनहाइटच्या वर जाता कामा नयेत, गरम १३५ च्या खाली उतरता कामा नयेत, आणि हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे रोजच्या नोंदवहीत लिहायचं, कुठे बिघडलं तर आपण काय केलं ते बाजूच्या कॉलममध्ये दोन वाक्यांत. आमच्याकडे एक गोव्याचाच पोरगा होता, हात इतका चांगला की शेफ त्याला दुसऱ्या सेक्शनला सोडायला तयार नसायचा. एकदा फ्रीज ४६ दाखवायला लागला तर पठ्ठ्याने माल तपासून दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवला, मेन्टेनन्सला फोन केला, सगळं एकदम बरोबर केलं आणि लॉगमध्ये लिहिलं काय तर ‘ओके’. आता इन्स्पेक्टरला काय कळणार? जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असाच तिथला हिशोब. पुढे प्रमोशनची वेळ आली तेव्हा त्याच्यापेक्षा कमी स्वयंपाक येणारा पण रिपोर्ट नीट लिहिणारा माणूस वर गेला, आणि हा नशिबाला दोष देत बसला.

याला मी त्या पोराचा दोष म्हणणार नाही. दहावी-बारावीपर्यंत त्याने इंग्लिशमध्ये काय लिहिलं असेल तर आवडता सण, पावसाळ्यातला एक दिवस, तेसुद्धा गाईडमधून पाठ करून. स्वतः केलेलं काम स्वतःच्या शब्दांत कुणी लिहायलाच सांगितलं नाही. त्यासाठी नवीन सब्जेक्ट नको, फंड नको, पाहुणे बोलावून सेमिनार तर अजिबात नको. शाळेत माध्यान्ह आहार येतोच ना, तो किती वाजता आला, गरम होता का, किती उरला, काय तक्रार आली हे नववीच्या मुलांनी आळीपाळीने रोज पाच ओळींत इंग्लिशमध्ये लिहावं आणि इंग्लिशच्या टीचरनी तेच तपासावं. लॅबमध्ये काच फुटली तर त्याचाही रिपोर्ट लिहावा. वर्षभरात फरक दिसेल.

दुसरं म्हणजे वाचणं, आणि ते मी काँट्रॅक्टबद्दल बोलतोय. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेणारे एजंट आपल्या गावागावात आहेत आणि आईवडील दागिने गहाण ठेवून देतातही. खरं तर एमएलसी २००६ या जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोकरी लावण्याची फी खलाशाकडून घेताच येत नाही, भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केलाय, एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजखात्याचं, आरपीएसएल हे भरतीचं लायसन्स लागतं आणि ते आहे की नाही हे कुणालाही तपासता येतं. बारावीतल्या किती मुलांना हे माहिती आहे विचारून बघा. एक काँट्रॅक्ट वर्गात वाचून दाखवा, ड्युटीचे तास किती, बेसिक किती, ओव्हरटाइम कसा, परतीचं तिकीट कुणाचं, बस्स.

नावाचा घोळ तर आपल्या गोव्याची स्पेशालिटीच. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘Naique’, शाळेच्या दाखल्यावर साधं ‘Naik’, पासपोर्टवर मधलं नाव गायब, आणि व्हिसाच्या वेळी धावपळ सुरू. आठवी-नववीतच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघायला शिकवलं तर पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

आणि भाषेबद्दल एवढंच की आपल्या बऱ्याच हायस्कुलांत फ्रेंच, पोर्तुगीज आहे, पण मुलं ती घेतात स्कोरिंग म्हणून, नव्वद पडले की भाषा संपली. परदेशात ते मार्क कुणी विचारत नाही, लेव्हल विचारतात. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता हवी तर जर्मन भाषेची साधारण बी२ (सहा पायऱ्यांतली चौथी) लागते, जपानला ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ व्हिसावर जायचं तर जपानीची एन४ (पाच पायऱ्यांतली खालून दुसरी) किंवा त्या तोडीची परीक्षा. फ्रेंच घेतलेल्या मुलांना दहावीपर्यंत डेल्फ या फ्रेंचच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची ए२ ही दुसरी पायरी तरी द्यायला लावा, मार्कांचं काय ते आपोआप होईल.

सुट्टीवर घरी आलेले जहाजवाले, गल्फवाले प्रत्येक गावात सापडतील, आमच्या वाड्यावरच चार-पाच आहेत. शाळांनी त्यांना बोलवावं, पण भाषणाला नको, लॉग कसा भरतात ते दाखवायला. मी पुढच्या जॉइनिंगपर्यंत घरीच आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे कुठल्याही शाळेने सांगावं, स्कूटर काढून येईन, कोऱ्या लॉगशीट माझ्याकडे आहेत.

आपला,
एक जहाजी वाचक, डिचोली