तक्रार पत्र: लेखी सूचना डावलून १९६२ च्या मासेराती ३५०० जीटीआयचे मूळ भाग नष्ट केल्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पोचपावतीच्या पोस्टाने पाठवली आहे. ही मराठी प्रत खास तुमच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी मी कॉव्हेंट्रीहून पहिल्यांदा तुमच्या वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा तुम्ही चहा दिलात, वडिलांच्या कोल्हापुरातल्या फाउंड्रीच्या आठवणी सांगितल्यात आणि मराठीतच म्हणालात, "ताई, गाडी आहे तशीच जपू." त्या शब्दावर मी किल्ल्या तुमच्या हातात दिल्या. म्हणून तक्रारही त्याच भाषेत करते आहे.

गाडी इटालियन असूनही ती इंग्लंडमध्ये का आणली, हे तुम्हाला तेव्हा सविस्तर सांगितलं होतं. आता पुन्हा लिहिते, कारण तुमच्या माणसांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. ३५०० जीटी १९५७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मासेरातीने कारखान्याचा रेसिंग संघ बंद केला, आणि पुढची काही वर्षं मोदेनातल्या त्यांच्या कारखान्याची चूल पेटती राहिली ती मुख्यतः या गाडीमुळे. मासेरातीचे अभियंते ज्युलिओ आल्फिएरी यांचं ३४८५ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. रेसिंगच्या गाड्यांचं रक्तच होतं ते. पण हजारांच्या घरात गाड्या विकायच्या तर सगळंच घरी बनवणं परवडणारं नव्हतं. म्हणून गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफचा घेतला, ब्रेक इंग्लंडच्या गर्लिंगचे, मागचा अ‍ॅक्सल इंग्लंडच्याच सॅलिसबरीचा. आणि १९६१ पासून जीटीआयवर लुकासचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन आलं. इटालियन रस्त्यावरच्या गाडीला असं इंजेक्शन पहिल्यांदाच मिळालं. नावातला 'आय' तो हाच. लुकास बर्मिंगहॅमची. जे यंत्र इथून वीस-बावीस मैलांवर जन्मलं, ते इथेच दुरुस्त व्हावं, एवढा साधा हिशेब होता माझा.

इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांतातल्या एका शेतघराच्या मागच्या गोठ्यात, द्राक्षांच्या पेट्यांआड ही गाडी १९७९ पासून उभी होती. टायर मातीला चिकटलेले, उंदरांनी मागच्या सीटमध्ये घर केलेलं, डाव्या चाकावरचा पत्रा कागदासारखा झालेला. पण बॉनेट उघडलं आणि मी खाली बसले. इंजेक्शन जागेवर होतं, सगळंच्या सगळं. तुम्ही या धंद्यात आहात, त्याचं मोल तुम्हाला माहीत असायला हवं. साठ-सत्तरच्या दशकात मेकॅनिकना ही प्रणाली जमेना, तेव्हा असंख्य मालकांनी ती काढून वेबर कार्बोरेटर बसवले. आज दिसणाऱ्या जीटीआयपैकी बऱ्याच गाड्या नावापुरत्याच 'आय' उरल्या आहेत. ज्या गाडीवर मूळ मीटरिंग युनिट (पेट्रोल मोजून सोडणारं यंत्र), सहा इंजेक्टर आणि त्यांच्या मूळ नळ्या तशाच आहेत, ती गाडी म्हणजे पुरावा असतो. मी पुरावा विकत घेतला होता, आणि तो तुमच्या स्वाधीन केला.

गेल्या महिन्याच्या ९ तारखेला, आठ महिने फोटो मागून थकल्यावर, मी न कळवता आले. इंजिनावर चकचकीत तीन वेबर बसलेले होते. मीटरिंग युनिट कुठे आहे विचारल्यावर तुमच्या फोरमनने सांगितलं, "स्क्रॅपमध्ये गेलं, मॅडम. आता गाडी सुरू तरी होईल."

गाडी सुरू व्हावी म्हणून मी युनिट दुरुस्त करायला दिलं होतं. करारात तो स्वतंत्र परिच्छेद आहे आणि त्याचे ६,२०० पौंड तुम्ही पहिल्याच हप्त्यात घेतले आहेत. त्या यंत्रात एक छोटा शटल असतो. तो दोन टोकांच्या मध्ये नेमका ठरल्याएवढाच सरकतो आणि दर वेळी मोजून तेवढंच पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनातल्या निर्वाताप्रमाणे एक टोक पुढे-मागे होतं आणि मात्रा बदलते. इतकं साधं, आणि इतकं काटेकोर. तो जीर्ण झाला असेल तर नवा घडवता येतो. आजच्या ई-१० म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुनं रबर फुगतं, म्हणून कोणते सील व्हिटॉनचे (अशा पेट्रोलात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे) घ्यायचे याची यादी मी स्वतः मोजमापं घेऊन तुम्हाला दिली होती. ती तुमच्या फाइलला लावलेली मी त्याच दिवशी पाहिली. म्हणजे यादी पोचली, वाचलीही गेली असेल, आणि तरीही युनिट भंगारात गेलं.

पत्र्याबद्दल लिहिताना माझा हात जास्त थरथरतो, कारण मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवलं. बॉडी मिलानच्या तुरिंग या कोचबिल्डरची, म्हणजे गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या कंपनीची आहे, 'सुपरलेजेरा' पद्धतीची: बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसवलेला पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. वजन कमी राहतं, पण जिथे अ‍ॅल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे ओल शिरली की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो, आणि तो आधी अ‍ॅल्युमिनियमच खातो. तुरिंग १९६६ मध्ये बंद पडली. ज्यांनी हे पत्रे ठोकले त्यांच्याकडे जाऊन आता काही विचारता येत नाही. त्यामुळे करारात मी ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं: अ‍ॅल्युमिनियमवर सॅण्डब्लास्टिंग (वाळूचा मारा) नाही. रंग रसायनाने आणि हाताने उतरवायचा.

तुम्ही सॅण्डब्लास्टिंग केलंत. टपावर हात ठेवला तर लाटा लागतात. उजवा दरवाजा मधोमध दाबला की टक्‌ करून आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. माऱ्याने वरचा थर ताणला गेला आहे. तो ताण आता पुट्टी भरून झाकता येईल, घालवता येणार नाही. त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या ब्लास्टिंगच्या खोलीत त्याच आठवड्यात एका पोलादी गाडीची चॅसिस साफ झाली होती. जॉब कार्ड भिंतीवरच टांगलेलं होतं. तीच वाळू पुन्हा वापरली असेल तर तिच्यातले लोखंडाचे कण माझ्या पत्र्यात रुतले आहेत. दोन-तीन पावसाळी वर्षांत नव्या रंगाखाली फोड येतील आणि तुम्ही म्हणाल, जुन्या गाडीचं असंच असतं.

तुमच्या ई-मेलमध्ये तुम्ही लिहिलंत की वेबर बसवल्याने "गाडी जास्त उपयोगी झाली", आणि "बहुतेक ग्राहकांना हेच आवडतं". २३५ अश्वशक्तीची गाडी पुन्हा २२० च्या जुन्या आवृत्तीसारखी केलीत, यावर मी वाद घालत नाही. आकड्यांसाठी मी ती घेतली नव्हती. बहुतेक ग्राहकांशी माझा करार नाही. तुमचा करार माझ्याशी झाला आहे आणि त्याच्या प्रत्येक पानावर तुमची सही आहे.

एक गोष्ट बिलात कुठेच नाही, ती इथे नोंदवते. डाव्या दरवाजाच्या आतल्या पुठ्ठ्याच्या मागे, चामड्याच्या खाली, कोणा कारागिराने पेन्सिलने एक आकडा आणि एक बाण काढलेला होता. कदाचित डावा-उजवा भाग चुकू नये म्हणून. गोठ्यातून गाडी काढली त्या संध्याकाळी मी टॉर्च धरून तो किती वेळ बघत बसले होते. तुम्हालाही तो दाखवला होता, आठवत असेल. ते पुठ्ठे "नवे कापून बसवले" म्हणून तुम्ही ४८० पौंड लावले आहेत. पुठ्ठे चांगले आहेत, शिवण सरळ आहे. जुने कुठे आहेत?

आता माझ्या मागण्या. तुमच्या भंगाराचा माल कोण उचलतो आणि ९ तारखेआधीच्या तीन महिन्यांत काय काय गेलं, याची नोंद मला या पत्राच्या तारखेपासून ७ दिवसांत हवी. मीटरिंग युनिट अजून कुठल्या तरी पिंपात पडून असेल तर मी स्वतः जाऊन शोधणार आहे. ते सापडलं नाही, तर मूळ प्रकारचं युनिट मिळवून दुरुस्त करून बसवण्याचा खर्च तुमचा. वेबर, त्यांचे मॅनिफोल्ड आणि बसवण्याची मजुरी यांचे घेतलेले सगळे पैसे परत करा. गाडीला यापुढे कोणीही हात लावू नये, रंगाचा अस्तरसुद्धा नको. पत्र्याची तपासणी मी निवडलेला स्वतंत्र तज्ज्ञ करेल, तुम्ही फक्त दार उघडा. आणि शेल्फवर माझ्या गाडीचं जे काही उरलं आहे, नटबोल्टपासून फाटक्या गालिच्यापर्यंत, त्या प्रत्येक वस्तूचा फोटो मला हवा.

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, सेवेबद्दल व्यावसायिकाने जे सांगितलं आणि ग्राहकाने ज्यावर विसंबून करार केला, ते कराराचाच भाग धरलं जातं. काम त्याप्रमाणे झालं नसेल तर ते पुन्हा करून घेण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क मला आहे. १४ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी न्यायालयात दावा दाखल करेन. करार, तीन हप्त्यांच्या पावत्या, सीलची यादी आणि ९ तारखेचे माझे ३७ फोटो सोबत जोडले आहेत.

येत्या शनिवारी सकाळी मी भाड्याची व्हॅन घेऊन येते आहे. मूळ सीट, डॅशबोर्डची घड्याळं आणि मागची काच मी घरी नेऊन कोरड्या खोलीत ठेवणार आहे. कृपया त्या वस्तू जिथे आहेत तिथेच राहू द्या, पुसायलाही नको. तुम्ही स्वतः हजर राहिलात तर बरं होईल.

आपली ग्राहक,
(सही)